एफ.ओ.आर. : तीन अक्षरांमागील जबाबदारी



शाळेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या दरपत्रकांत 'एफ.ओ.आर.' ही तीन अक्षरे पुष्कळदा आढळतात. वस्तूचा दर आपण बारकाईने पाहतो. या अक्षरांकडे मात्र क्वचितच लक्ष देतो. वास्तविक सार्वजनिक पैशाचा हिशेब त्यांच्यापाशीच सुरू होतो.

'फ्री ऑन रेल' हे त्यांचे मूळ रूप होय. विक्रेत्याने स्वखर्चाने माल रेल्वेच्या हवाली करावा, पुढील भाडे खरेदीदाराने द्यावे, असा त्याचा आशय. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने आपल्या व्यापारी संज्ञांच्या १९९० च्या आवृत्तीतून ही संज्ञा वगळली. आपल्याकडे मात्र ती रूढ राहिली आणि ट्रकच्या वाहतुकीमुळे 'फ्री ऑन रोड' अशीही तिची फोड होऊ लागली. म्हणून आज तिचा अर्थ तिच्यापुढे लिहिलेल्या ठिकाणावरून ठरतो. त्या ठिकाणापर्यंतचा वाहतूक खर्च विक्रेत्याचा, पुढचा आपला.

समजा, एका शाळेला ५० बाके घ्यावयाची आहेत. एकाचा दर ४,००० रुपये, 'एफ.ओ.आर. कारखाना', दुसऱ्याचा ४,१५० रुपये, 'एफ.ओ.आर. शाळा'. पहिला स्वस्त वाटतो. परंतु ट्रकभाडे व हमाली मिळून १२,००० रुपये झाले, तर त्याची बाके २,१२,००० रुपयांना पडतात. दुसऱ्याची २,०७,५०० रुपयांनाच.

प्रश्न केवळ भाड्याचा नाही. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३९ नुसार, करारान्वये विक्रेत्याने माल खरेदीदाराकडे पाठवावयाचा असेल, तर वाहतूकदाराच्या स्वाधीन केलेला माल प्रथमदर्शनी खरेदीदारालाच पोचला असे समजले जाते. कलम २६ नुसार, वेगळा करार नसल्यास, मालकीबरोबर जोखीमही जाते. मग वाटेत मोडलेल्या बाकांची भरपाई कोणाकडे मागणार?

यासाठी तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात. दरपत्रके मागवितानाच पोचविण्याच्या ठिकाणाचे पूर्ण नाव द्यावे. तुलनात्मक तक्त्यात भाडे, हमाली, विमा व कर मिळवून अंतिम किंमत मांडावी. पुरवठा आदेशात वाटेतील तूटफूट कोणी सोसावयाची, हे स्पष्ट लिहावे. माल उतरल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी कलम ४१ ने आपल्याला दिली आहे. तेव्हा मोजणी व तपासणी केल्याखेरीज 'माल सुस्थितीत मिळाला' असा शेरा पोचपावतीवर कोणीही देऊ नये.