ऊन, रापलेली कातडी आणि वांग



कांद्याची लागवड असो नाहीतर टोमॅटोची तोडणी, चार दिवस रानात काढले की मनगटापासून कोपरापर्यंत हात काळवंडतो आणि ब्लाऊजच्या बाहीखाली उजळ राहतो. आपण म्हणतो, उन्हानं रापलं. काहीजणींच्या गालावर, नाकावर, कपाळावर वांग येतो. मग कुणीतरी सांगतं, "अगं, अमुक ट्यूब लाव, आठ दिवसांत जाईल." आज त्या ट्यूबबद्दल बोलायचं आहे. पण आधी ऊन काय करतं ते बघू.

नारायणगावजवळ खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या मोठ्या तबकड्या आहेत. त्या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, तरी असतात. सूर्याच्या उजेडातही असेच न दिसणारे किरण असतात, त्यांना अतिनील किरण म्हणतात. खोडदच्या त्या लहरींनी कातडीला काही होत नाही, पण अतिनील किरणांत जोर असतो.

कातडी म्हणजे बारीक पेशींचे थर. प्रत्येक पेशीच्या मधल्या केंद्रात डीएनए असतो. पेशीनं काय करायचं, कधी वाढायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. अतिनील किरण त्यालाच इजा करतात. पेशी ती दुरुस्त करते, पण वर्षानुवर्षं इजा होत राहिली तर काही चुका राहून जातात. सुरकुत्या लवकर पडतात, क्वचित कर्करोगही होतो.

म्हणून कातडीनं स्वतःची सोय केली आहे. वरच्या थराच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. इजा झाली की शेजारच्या पेशी त्यांना निरोप धाडतात. मग त्या मेलॅनिन नावाचा रंग बनवून शेजारणींना वाटतात. प्रत्येक पेशी तो रंग आपल्या केंद्रावर छत्रीसारखा धरते. गोरी असो की सावळी, रंगाच्या पेशी दोघींत जवळपास सारख्याच असतात. सावळीच्या पेशी रंग जास्त बनवतात, एवढाच फरक. तेव्हा रापणं म्हणजे मळ नव्हे, ती छत्री आहे. दगडानं घासून ती जात नाही.

वांगात मात्र या पेशी गरजेपेक्षा जास्त रंग बनवत राहतात. गरोदरपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, माहेरची आनुवंशिकता यामुळे तो सुरू होतो आणि ऊन त्याला वाढवतं.

आता ट्यूब. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेल्या कित्येक मलमांत स्टेरॉईड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून आपण लावतच राहतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, नको तिथे केस उगवतात. बंद केलं की आग होते आणि वांग परत येतो. काही गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंड खराब करतो. ज्या डबीवर आत काय आहे, कुणी बनवलं, हे छापलेलं नाही, ती घरात आणू नका. आधीपासून स्टेरॉईडचं मलम लावत असाल, तर ते कसं थांबवायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

मग करायचं काय? आपली सावली बघा. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तेव्हा हे किरण जोरात असतात. जुन्नर-आंबेगावात मे महिन्याच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर येतो. खुरपणी, तोडणी जमेल तेवढी सकाळी उरका. साडीवर पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घालतो ना, तो उत्तम उपाय आहे. डोक्याला रुमाल बांधलात तरी चेहरा उघडाच राहतो, म्हणून काठ असलेली टोपी घाला. भात लावणीच्या दिवसांत ढग आले म्हणून निर्धास्त राहू नका, पातळ ढगांतून हे किरण येतातच. उन्हाला घाबरून घरातही बसू नका. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व उन्हामुळेच कातडीत तयार होतं.

आणि एक लक्षात ठेवा. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, किंवा एखादी जखम महिनाभर भरत नसेल, तर तो उन्हाचा डाग समजून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातली ट्यूब घेऊन यायची. आशाताईंना बोलवा आणि त्यावर काय छापलंय ते सगळ्याजणी मिळून वाचा.