छायाचित्रांची परगावची प्रत
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांचे संस्कार अथवा शिक्षणाची सद्यःस्थिती असे काही सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. घरातील छायाचित्रांची प्रत कोठे ठेवावी, हा विषय ऐकून ते किंचित् हसले. उभा जन्म खडू-फळ्यात गेलेल्या माणसाने संगणकाच्या गोष्टी सांगाव्यात याचे हसू येणे स्वाभाविक आहे. तथापि गेली काही वर्षे आम्हांस स्वस्थ बसू न देणारी गोष्ट हीच असल्यामुळे तीच आपणांपुढे मांडावी असे ठरविले.

आमच्या थोरल्या भगिनी चिपळुणास असतात. आमच्या मातोश्रींचे एकच छायाचित्र होते व ते त्यांच्यापाशी होते. रत्नागिरीच्या कोणा स्टुडिओत, मागे चितारलेला पडदा, वडील खुर्चीवर बसलेले आणि मातोश्री खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभ्या, असे ते चित्र. आमचा भाचा मोठा हौशी. त्याने 2018 साली घरातील सारे अल्बम स्कॅनरवर घेऊन एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले. आम्ही त्याची पाठ थोपटली व आता काळजी मिटली असे सर्वांनी मानले. ती डिस्क ठेवली कोठे? तर ज्या कपाटात अल्बम होते त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात!

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. घरची माणसे वेळीच वरच्या मजल्यावर गेली व सुखरूप राहिली, ही ईश्वराची कृपा. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तेव्हा अल्बमची पाने एकमेकांस चिकटून त्यांचा चिखलाचा गोळा झाला होता. डिस्क मुंबईस एका जाणकाराकडे नेली. त्याने बरेच प्रयत्न केले, परंतु हाती काही लागले नाही. मातोश्रींचे छायाचित्र आज शिल्लक आहे ते आमच्या एका आतेभावाच्या मोबाइलमध्ये. भाच्याने पूर्वी केव्हातरी ते त्याला व्हॉट्सॲपवर धाडले होते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने चित्र पाठविले म्हणजे ते आक्रसून जाते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर ते बरे दिसते. भिंतीवर लावावे म्हणून मोठे करून छापविले, तर चेहऱ्याच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या. मातोश्रींच्या कपाळावर गोंदण होते. ते त्यात दिसत नाही.

येथे चूक कोणाची? भाच्याची नव्हे, त्याने तर पुष्कळ केले. चूक आम्हां सर्वांच्या समजुतीत होती. एका कपाटात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत होय, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आणि नवल असे की, आपल्या पूर्वजांना ती चांगली ठाऊक होती. आपल्यांपैकी अनेक घराण्यांची नामावळी नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहे. आमच्या आजोबांच्या काळी गावचे घर जळाले, त्यात वंशावळीचा कागद गेला. तीच वंशावळ पुढे नाशिकास उपाध्यायांच्या वहीत मिळाली, तीही पणजोबांच्या हस्ताक्षरात. गावची आग नाशिकपर्यंत पोहोचत नाही, एवढेच त्यातील मर्म.

अलीकडे छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो प्रचारात आणला. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील निदान एक घराबाहेर असावी. पहिले दोन भाग लोक पाळतात. तिसऱ्याचा मात्र कंटाळा करतात, आणि खरा घात तेथेच होतो.

घराबाहेर म्हणजे कोठे, याचा विचार आता करावयाचा. शेजारच्या आळीत प्रत ठेवून भागत नाही. एवढेच काय, चिपळूणकराने आपली डिस्क खेडला किंवा महाडला मामाकडे ठेवली असती तरी उपयोग नव्हता, कारण त्याच दिवसांत जगबुडीचे पाणी खेडात आणि सावित्रीचे पाणी महाडात शिरले होते. नदी वेगळी असावी, आणि शक्य तर जिल्हाही वेगळा असावा. बँकेच्या लॉकरचा पर्याय पुष्कळांना सुचतो. तो वाईट नाही, परंतु लॉकर बहुधा आपल्याच गावी असतो. शिवाय तेथे एकदा ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षे कोणी बाहेर काढत नाही. हार्ड डिस्क ही ताम्रपटासारखी टिकाऊ नव्हे. ती वर्षातून एकदा तरी संगणकास जोडून, आतील चार चित्रे उघडून पाहावी लागते, आणि काही वर्षांनी नवी घेऊन तीवर सारे उतरवून घ्यावे लागते. पेनड्राइव्हवर तर दीर्घकाळ मुळीच विसंबू नये.

दुसरा मार्ग क्लाउडचा. क्लाउड म्हणजे ढग, पण हा शब्द फसवा आहे. आपली चित्रे आकाशात कोठे तरंगत नसतात, तर ती कोणा कंपनीच्या इमारतीतील यंत्रांवर असतात, आणि इमारतीला आग लागू शकते. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरी ओव्हीएच कंपनीचे असे एक केंद्र 10 मार्च 2021 रोजी जळाले. ज्या ग्राहकांची मूळ प्रत व राखीव प्रत दोन्ही तेथेच होत्या, त्यांची अवस्था आमच्या भगिनींच्या कपाटासारखीच झाली. दक्षिण कोरियात तेजॉन येथील सरकारी केंद्रास 26 सप्टेंबर 2025 रोजी आग लागून सरकारी नोकरांचे 858 टेराबाइट दप्तर नष्ट झाले. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. एवढ्या प्रगत राष्ट्राची ही कथा, मग आपण कोणाला हसावे!

आगीपेक्षाही अधिक संभव असतो तो दुकान बंद होण्याचा अथवा अटी बदलण्याचा. ऑर्कुट आपल्यांपैकी अनेकांच्या मुलांना आठवत असेल. ते 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. गुगल फोटोजने 2015 साली आरंभ केला तेव्हा किंचित् लहान केलेली चित्रे अमर्याद व फुकट ठेवण्याची सोय होती. 1 जून 2021 पासून नव्या चित्रांपुरती ती संपली. आता 15 जीबी जागा फुकट मिळते, आणि तीतच आपली पत्रेही असतात. एक छायाचित्र साधारण 4 एमबीचे धरले तर 15 जीबीत पावणेचार हजार चित्रे मावतात. एका घरच्या दोन लग्नांत एवढी सहज निघतात. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये तर फुकट जागा 5 जीबीच आहे. म्हणून ज्याला ही सोय खरोखर हवी आहे त्याने वर्षाचे शुल्क भरावे. फुकटाची आशा धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सेवा निवडताना आम्ही भाच्याला बसवून घेऊन एकेक गोष्ट विचारली. चित्र मूळ आकारातच ठेवले जाते की लहान केले जाते? गुगलमध्ये जागा वाचविण्याचा पर्याय निवडला तर मोठे चित्र 16 मेगापिक्सलपर्यंत उतरते. मातोश्रींच्या गोंदणानंतर आम्ही असला पर्याय घेणे शक्य नव्हते. पैसे भरणे थांबले तर काय? गुगलच्या नियमानुसार दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सामान दोन वर्षे राहिले, किंवा खाते दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, तर आतील वस्तू काढून टाकल्या जाऊ शकतात. आणि सारे काही एकदम परत काढून घेता येते काय? येते. गुगलने त्यासाठी टेकआउट नावाची सोय केली आहे. ती आम्ही वापरून पाहिली. वेळ लागतो, परंतु काम होते.

एक भेद मात्र आम्हांस समजावयास फार दिवस लागले. मोबाइलमधील चित्रे आपोआप क्लाउडवर जातात, म्हणून ती राखीव प्रत झाली असे आपण मानतो. वस्तुतः तो आरसा आहे. मोबाइलमधील ॲपमध्ये चित्र पुसले की ते क्लाउडवरूनही पुसले जाते. गुगलच्या केराच्या टोपलीत ते 60 दिवस राहते, आयक्लाउडच्या 30 दिवस, त्यानंतर संपले. नातवंडाच्या हातून एखादे वर्ष पुसले गेले आणि दोन महिन्यांत कोणाच्या ध्यानात आले नाही, तर उपाय नाही. म्हणून आरशाशेजारी एक अशी प्रत हवी, जी आपण होऊन बदलत नाही. परगावची डिस्क ती हीच. नेमक्या याच कारणाने डिस्क आणि क्लाउड यांत एकाची निवड करण्याचा प्रश्न आम्ही सोडून दिला. आम्ही दोन्ही ठेवली.

क्लाउडवर सामान चढविण्यास किती वेळ लागतो हा हिशेब आम्ही जुन्या सवयीने कागदावर मांडला. 100 जीबी म्हणजे 8 लाख मेगाबिट. घरचे कनेक्शन सेकंदास 10 मेगाबिट वर पाठवीत असेल तर 80 हजार सेकंद, म्हणजे सुमारे 22 तास. प्रत्यक्षात आम्हांस चार रात्री लागल्या, कारण मधेच वीज जाई.

घरच्या स्त्रियांची व मुलांची चित्रे परक्या कंपनीच्या हवाली का करावीत, अशी शंका आमच्या सौभाग्यवतींनी काढली. शंका योग्य आहे. जी चित्रे द्यावयाची नाहीत ती न चढविता केवळ डिस्कवर ठेवावीत, आणि डिस्कला कुलूपशब्द लावावा. परंतु तो विसरला तर डिस्क आपल्यालाही उघडत नाही, म्हणून तो वहीत लिहून ती वही दागिन्यांच्या डब्याजवळ ठेवावी.

आता थोडे अप्रिय बोलावे लागते. आपल्यांपैकी आम्ही साठी उलटलेले लोक उद्या नसू. खाते आमच्या नावाचे, कुलूपशब्द आमच्या डोक्यात आणि ओळख पटविणारा सांकेतिक आकडा येतो तो आमच्या मोबाइलवर. माणूस गेल्यावर घरचे लोक त्याच्या मोबाइलचे पैसे भरणे थांबवितात. तो क्रमांक बंद होतो व कालांतराने दुसऱ्या कोणास दिला जातो. मग दार कायमचे बंद! गुगलच्या खात्यात आपल्यामागे ते कोणी पाहावे याची नोंद करून ठेवता येते, दहा माणसांपर्यंत. ॲपलमध्ये पाच माणसांची नावे देता येतात. मृत्युपत्र करावयास आपण टाळाटाळ करतो, पण ही नोंद घरी चहा पिता पिता होते. आम्ही आमच्या कन्येचे व भाच्याचे नाव घातले आहे.

आमची सध्याची व्यवस्था अशी. मूळ संग्रह घरच्या संगणकावर, एक प्रत क्लाउडवर, आणि दोन डिस्का. एक डिस्क आमच्याकडे असते, दुसरी चिपळुणास भगिनींकडे, आता वरच्या मजल्यावर. भाऊबीजेस आम्ही चिपळुणास जातो तेव्हा आमची डिस्क नव्या चित्रांनी भरून नेतो, ती तेथे ठेवतो व तेथली घेऊन येतो. त्यांच्याही घरची चित्रे आमच्या डिस्कवर असतात. गेल्या भाऊबीजेस ओवाळणीच्या तबकातच भगिनींनी ती डिस्क ठेवली होती. तिला कुंकू लागले, ते आम्ही पुसलेले नाही.

मंडळातील ज्या कुटुंबांकडे जुने समूहचित्र असेल, विशेषतः 1970 पूर्वीच्या संमेलनांचे, त्यांनी ते येत्या महिन्यात चिटणीसांकडे स्कॅन करावयास द्यावे. मूळ चित्र त्याच दिवशी परत मिळेल. आमच्या मातोश्री अशा एखाद्या संमेलनास आल्या असल्याचे वडील सांगत. कोणाच्या अल्बमात मागच्या रांगेत, कपाळावर गोंदण असलेली, नऊवारीतील एक उंच स्त्री दिसली, तर आम्हांस अवश्य कळवावे.