सफरचंदातील अळी आणि तिचा विषाणू



सफरचंद चिरले आणि गाभ्याजवळ तपकिरी डोक्याची, फिकट गुलाबी अळी निघाली, हा प्रसंग युरोप-अमेरिकेतील घराघरांत पिढ्यानुपिढ्या घडत आलेला आहे. काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदे खाणाऱ्यांच्या वाट्याला तो येत नाही. कारण या अळीचा पतंग, ज्याला इंग्रजीत कॉडलिंग मॉथ म्हणतात, तो भारतात लडाखच्या खोऱ्यांपुरताच आढळतो. तेथे तो सफरचंदाबरोबर जर्दाळूलाही सोडीत नाही. बाकी जगात मात्र जेथे जेथे सफरचंदाची बाग लागली, तेथे तेथे बहुतेक ठिकाणी हा पतंग तिच्या पाठोपाठ जाऊन पोहोचला.

या किडीचे सारे बळ तिच्या लपण्यात आहे. मादी फळावर किंवा जवळच्या पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काही तास बाहेर हिंडते, मग फळाला तोंड लावून आत शिरते आणि थेट बियांपर्यंत पोखरीत जाते. एकदा ती आत गेली की कोणत्याही फवाऱ्याचा तिला धाक उरत नाही. शत्रूला गाठावयाचे ते त्या काही तासांतच. त्यासाठी माणसाने प्रथम शिसे आणि सोमल यांचे संयुग वापरले. वर्षानुवर्षे बागांवर ते ओतले गेले, जमिनी विषारी झाल्या, आणि १९२० ते ३० च्या दशकातच अमेरिकेतील काही बागांतील अळ्या त्या विषाला दाद देईनाशा झाल्या. पुढे डी. डी. टी. आले, त्याचीही तीच गत झाली.

अशा वेळी एक निराळेच साधन हाती आले. १९६३ साली मेक्सिकोच्या चिवावा राज्यात, व्हाये दे आयेंदे या गावानजीक, सफरचंद आणि नासपतीच्या झाडांवर काही रोगट अळ्या सापडल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कीटकरोगांचे अभ्यासक योशिनोरी तानादा यांनी त्यांची तपासणी करून १९६४ साली जाहीर केले की या अळ्यांचा मृत्यू एका विषाणूमुळे झाला आहे. माणूस, गुरेढोरे, मधमाशी यांना या विषाणूपासून काडीचाही अपाय नाही. तो मारतो कॉडलिंग पतंगाच्या अळीला आणि तिच्या अगदी जवळच्या मोजक्या नातलगांना.

त्याची मारण्याची रीत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक विषाणू प्रथिनाच्या एका कणात बंद असतो. हा कण मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही लहान. अळीने फळाला पहिला चावा घेतला की त्याबरोबर कण पोटात जातो. अळीच्या आतड्यातील रस आम्ल नसून क्षारधर्मी असतो. त्यात प्रथिनाचे कवच विरघळते आणि विषाणू मोकळा होतो. नुकत्याच जन्मलेल्या अळीला एक-दोन कणही पुरतात. थोड्याच दिवसांत तिचे शरीर दुधासारखे पांढरट होते, आतून वितळते, आणि त्या द्रवातून अब्जावधी नवे कण बाहेर पडतात. या विषाणूचे मोठे वैर कोणाशी असेल तर ते सूर्याशी. उन्हात तो काही दिवसांतच निकामी होतो. विदर्भ-मराठवाड्यातील हरभऱ्याच्या शेतकऱ्याला हे प्रकरण परके वाटू नये. घाटेअळीवर फवारतात तो विषाणू याच कुळातला. म्हणूनच तो सायंकाळी फवारावा, आणि त्यात नीळ मिसळावी, असे त्याला सांगितले जाते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स आदी देशांत हा मेक्सिकन विषाणू बाटलीबंद होऊन विकला जाऊ लागला. ज्या बागायतदारांनी रासायनिक विषे वर्ज्य केली होती त्यांना तर तो वरदानच वाटला, कारण त्यांच्याजवळ दुसरे प्रभावी साधन जवळजवळ नव्हतेच. वर्षामागून वर्षे, एकेका हंगामात अनेकदा, तोच विषाणू त्याच झाडांवर फवारला गेला. येथे एक गोष्ट नजरेआड झाली. युरोपभर निरनिराळ्या नावांनी विकला जाणारा हा सारा माल मुळात त्या एकाच मेक्सिकन नमुन्याची संतती होता. शास्त्रज्ञ त्याला ‘एम’ म्हणतात. त्याच्यात अंतर्गत भेद जवळजवळ नाहीत. कारखान्याला एकसारखा माल आवडतो, आणि खरे सांगायचे तर ग्राहकालाही.

२००५ साली जर्मनीतून वृत्त आले की काही बागांतील अळ्या या विषाणूला भीक घालीत नाहीत. पाठोपाठ फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड येथूनही तशाच तक्रारी आल्या. काही ठिकाणी तर पूर्वी पुरत असे त्याच्या हजारपट मात्रा देऊनही अळी जिवंत राही. विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती इतक्या थोड्या अवधीत यावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. त्याचा उलगडा २००७ साली झाला. माणसांत मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते; पतंगांत ते मातेकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. नराजवळ ‘झेड’ नावाची दोन गुणसूत्रे असतात, मादीजवळ एकच. प्रतिकाराचे जनुक नेमके या झेड गुणसूत्रावर निघाले, आणि तेही प्रभावी. मादीला ते एकदा मिळाले की त्याला झाकणारे दुसरे झेड तिच्याजवळ नसते. अशा मादीची पिल्ले फवाऱ्यातून वाचतात, दुबळ्यांची मरतात, आणि दोन-चार वर्षांत बागेतील बहुतेक सारी प्रजा प्रतिकारक होऊन बसते.

यातून सुटका केली ती प्रयोगशाळेत घडविलेल्या कोणत्या नव्या औषधाने नव्हे, तर रानात आधीपासूनच असलेल्या त्याच विषाणूच्या भावंडांनी. जगाच्या निरनिराळ्या भागांतून रोगट अळ्यांतून मिळविलेले नमुने शास्त्रज्ञांच्या शीतपेट्यांत पडून होते. जर्मनीत योहानेस येले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रतिकारक अळ्यांवर एकेक करून पारखले. इराणमधील काही, इंग्लंडमधील एक, कॅनडातील एक, असे कित्येक नमुने या अळ्यांना पूर्वीसारखेच मारीत होते. जनुकांची तुलना केल्यावर विषाणूंचे पाच गट पडले. मेक्सिकन नमुना त्यांपैकी एकाच गटाचा प्रतिनिधी. लवकरच नव्या नमुन्यांपासून केलेली औषधे बागांत गेली आणि पीक हाती येऊ लागले.

मग भेद होता तरी कोठे? या विषाणूचा जनुकसंच सुमारे १,२३,५०० अक्षरांचा, आणि तो प्रथम २००१ साली संपूर्ण वाचला गेला. २०१४ साली असे आढळले की ‘पीई ३८’ नावाच्या एका जनुकात मेक्सिकन नमुन्याजवळ २४ अक्षरांचा एक पुनरुक्त जोड आहे. इतर नमुन्यांत तो नाही. मेक्सिकन विषाणूतील हे जनुक काढून त्याजागी कॅनडातील नमुन्याचे बसविले, तेव्हा तो पुन्हा प्रतिकारक अळ्यांना बाधू लागला. सव्वा लाख अक्षरांच्या ग्रंथात दोन डझन अक्षरांचा फरक, आणि त्याच्यापायी कित्येक बागांचा हंगाम वाया गेला!

तथापि पतंगही स्वस्थ बसलेला नाही. २०१७ साली जर्मनीतूनच प्रतिकाराच्या आणखी दोन प्रकारांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकाचे जनुक झेड गुणसूत्रावर नाही, आणि त्या अळ्या मेक्सिकन विषाणूबरोबरच कॅनडातील विषाणूलाही दाद देत नाहीत. म्हणजे एका नमुन्याच्या जागी दुसरा एकटाच आणून बसविणे ही तात्पुरती सोय झाली. निसर्गातील पुष्कळ नमुने मुळातच मिश्र असतात. एकाच अळीत दोन-तीन गटांचे विषाणू एकत्र नांदताना आढळतात. फ्रान्समधील प्रयोगांत तर असेही दिसले की प्रतिकारक अळीत एकटा वाढू न शकणारा जुना विषाणू समर्थ जोडीदार सोबत असला की तेथे वाढू लागतो. अळीला एकाच कुलुपाची किल्ली सापडली तरी शेजारच्या कुलुपाशी तिची गाठ पडतेच.

म्हणून शोध चालू आहे, आणि तो स्वाभाविकपणे सफरचंदाच्या माहेराकडे वळला आहे. मध्य आशियातील तिआन शान पर्वताच्या उतारांवर सफरचंदाची मूळ जात अजून रानटी स्थितीत आढळते. त्याच पर्वताच्या आसपास, चीनच्या वायव्य भागातून मिळालेल्या नमुन्यांत पूर्वी न पाहिलेले भेद आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. हे काम दिसायला अगदी साधे आहे. पूर्ण वाढलेली अळी कोश विणण्यासाठी फळाबाहेर येऊन सालीच्या फटी शोधते, म्हणून झाडांच्या खोडांना नालीदार पुठ्ठ्याचे पट्टे बांधतात. हंगामाअखेर ते सोडून एकेक अळी तपासावयाची, आणि शेकडो निरोगी अळ्यांत एखादी पांढरट, सुस्त पडलेली दिसली की ती वितळून जाण्यापूर्वी उचलून बाटलीत घालावयाची.