विजयदुर्ग : वैऱ्याला न साधलेले घरच्या वैराने साधले



सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटन खाडी जेथे सागराला मिळते, तेथे भूमीचे एक चिंचोळे टोक समुद्रात शिरले आहे. तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन. त्या टोकावर विजयदुर्ग हे गाव वसले आहे आणि गावाच्या शेवटी किल्ला उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस तो उभारला, अशी परंपरा आहे. शेजारच्या गिर्ये गावावरून त्यास घेरिया म्हणत. शिवछत्रपतींनी आदिलशाहीकडून तो जिंकला, त्याची तटबंदी बळकट केली आणि विजयदुर्ग हे नाव रूढ झाले.

या स्थळाचे सामर्थ्य केवळ तिहेरी तटात नव्हते. खाडीत आत, वाऱ्यावादळापासून सुरक्षित जागी, खडक खोदून गोदी तयार केली होती. भरतीला गलबत आत घ्यावे, ओहोटीला ते कोरडे पडावे आणि डागडुजी व्हावी, अशी ती सोय होती. किल्ल्याच्या पश्चिमेस पाण्याखाली एक लांबलचक भिंत आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिची पाहणी केली असून तिची लांबी सुमारे १२२ मीटर भरते. शत्रूची खोल बुडाची जहाजे तीवर आदळून फुटत, असे स्थानिक लोक सांगतात.

कान्होजी आंग्रे यांच्या काळात या किल्ल्याची कीर्ती शिगेला पोहोचली. १७२० मध्ये इंग्रज येथून हात हलवीत परतले, १७२४ मध्ये डचांचीही तीच गत झाली. युरोपीय आरमारांना जे साधले नाही, ते पुढे कसे साधले? त्याचे उत्तर तोफांत नाही, घरात आहे.

१७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. पुढे त्यांच्या पुत्रांत, संभाजी व मानाजी यांत, वैर माजले आणि आरमार दुभंगले. संभाजींच्या मागून विजयदुर्गचा कारभार तुळाजींकडे आला. तुळाजी शूर, पण कोणाचा मुलाहिजा न ठेवणारे. पेशव्यांची सत्ता त्यांनी जुमानली नाही, त्यांच्या स्वाऱ्यांनी आपल्याच प्रदेशातील लोक गांजले. त्यांना आवरणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु त्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या आरमाराची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गसमोर आले. जमिनीकडून पेशव्यांची फौज होती आणि तुळाजी बोलणी करण्यास तिच्या छावणीत गेले होते. इंग्रजांच्या भडिमारात एका जहाजावर गोळा पडला, आग एका गलबतावरून दुसऱ्यावर गेली आणि अवघे आरमार भस्मसात झाले. किल्ल्यातील सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. दोस्त म्हणून आलेल्या पेशव्यांच्या वाट्याला तिच्यातले काही आले नाही. बाणकोटच्या मोबदल्यात किल्ला मिळाला, तोही काही महिन्यांनी. तुळाजींचे उर्वरित आयुष्य कैदेत गेले. तेच वॉटसन, तेच क्लाइव्ह पुढे बंगालमध्ये गेले आणि १६ महिन्यांनी प्लासी घडली.

त्यानंतरही विजयदुर्ग निस्तेज झाला नाही. आनंदराव धुळप यांनी येथूनच पेशव्यांचे आरमार पुन्हा उभे केले आणि एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडून आणले. परंतु पश्चिम सागरावरचा पूर्वीचा दरारा परत आला नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत विजयदुर्ग आहे. हा गौरव आनंदाचाच आहे. मुलाबाळांना घेऊन तेथे अवश्य जावे. जिभीचा दरवाजा, खलबतखाना, गिर्ये येथील रामेश्वराचे देऊळ आणि खाडीतील गोदी दाखवावी. पण तटावर उभे राहून समोरचे पाणी दाखवताना एवढेही सांगावे की, आपले आरमार याच ठिकाणी जळाले. घरातील दोषी भावाला वठणीवर आणण्यासाठी परक्याला दारात बोलावले, की तो निर्णय देऊन परत जात नाही. घरच ताब्यात घेतो.