श्रद्धा, सराव आणि आत्मविश्वास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी घरी येऊन मला सांगितले की, यंदा वर्धापनदिनाला तुम्ही चार शब्द बोलायचे. मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. पण माझी धाकटी मुलगी खो-खो खेळते. तिच्यामुळे गेली पाच वर्षे सकाळ-संध्याकाळ मैदानाच्या कडेला उभे राहणे माझ्या नशिबी आले आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या आयांचे बोलणे मी रोज ऐकते. तेव्हा जे कानांवर पडते व डोळ्यांना दिसते, त्याविषयीच बोलावे असे ठरवले.

सामना जवळ आला की आमच्यात तीन पक्ष पडतात. एक म्हणते, देवाची कृपा असली म्हणजे सारे होते. ती नवस बोलून मोकळी होते. दुसरी म्हणते, देवाला कशाला त्रास द्यायचा, सराव केला की झाले. तिसरी म्हणते, हे सगळे असूनही उपयोग नाही; मुलीच्या अंगी मुळात आत्मविश्वास हवा, आणि आमच्या मुलीत नेमका तोच नाही. हे शेवटचे वाक्य मला फार लागते. कारण ते मुलीच्या कानांवर पडते, आणि मग तिलाही ते खरे वाटू लागते.

या तिन्ही गोष्टींचे आपसांत नाते काय, हे मला एका मुलीच्या खेळावरून उमगले. ती मुलगी तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. जेमिमा रॉड्रिग्ज. जन्म मुंबईचा, ५ सप्टेंबर २००० चा. वडीलच तिचे पहिले शिक्षक. लहानपणी हॉकीही खेळली. २०१७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, एकोणीस वर्षांखालील मुलींच्या सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध तिने नाबाद २०२ धावा काढल्या आणि पुढे लवकरच ती भारताच्या संघात गेली. क्रिकेट हाच आता तिचा व्यवसाय आहे. आपल्या घरचे पुरुष जसे कामावर जातात, तशी ती मैदानावर जाते. फरक एवढाच की, तिचे काम हजारो माणसे पाहत असतात आणि चार दिवस हात चालला नाही तर पाचव्या दिवशी तिला बाहेर बसावे लागते.

तसे तिला बसावे लागलेही. २०२२ सालच्या विश्वचषकाच्या संघात तिचे नाव आले नाही. तेव्हा ती पुन्हा मुंबईच्या आझाद मैदानावर गेली आणि तिथल्या ओबडधोबड खेळपट्ट्यांवर मुलग्यांविरुद्ध सामने खेळली. भारताकडून खेळून आलेल्या मुलीने शाळकरी पोरांपुढे बाद होण्याची तयारी ठेवायची, याला मोठे मन लागते. नाव झालेल्या माणसाला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसणे सोपे नसते.

पुढे २०२५ चा विश्वचषक आपल्याकडे भरला. त्यात दोन सामन्यांत जेमिमा शून्यावर बाद झाली, आणि इंदूरच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला संघाबाहेर ठेवले. त्या दिवसांत तिला रडू आवरत नव्हते, मन सारखे धास्तावलेले असे, आईला फोन करून ती रडत असे. हे तिने स्वतः, सगळ्या जगासमोर सांगितले. भगिनींनो, ज्या मुलीला आपण दूरदर्शनच्या पडद्यावर हसताना, गाणी म्हणताना पाहतो, तिचीही ही अवस्था होती. आता कोणी मला सांगावे, त्या दिवशी तिच्यापाशी आत्मविश्वास होता का?

नंतर आला ३० ऑक्टोबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर उपांत्य सामना, समोर ऑस्ट्रेलिया. त्यांनी ३३८ धावांचा डोंगर उभा केला. म्हणजे आपल्याला ३३९ करायच्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणी पुरा केलेला नव्हता. आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे, हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. घाबरायलासुद्धा वेळ मिळाला नाही म्हणा ना! दुसऱ्याच षटकात पहिली फलंदाज बाद झाली आणि ही आत गेली. ५९ धावांवर आपली सांगलीची स्मृती मानधनाही परतली. मग कर्णधार हरमनप्रीत कौर आणि जेमिमा या दोघींनी मिळून १६७ धावांची भागी केली. हरमनप्रीत ८९ धावा करून बाद झाली. जेमिमा मात्र १३४ चेंडूंत १२७ धावा करून शेवटपर्यंत नाबाद राहिली, आणि नऊ चेंडू शिल्लक असताना आपण सामना जिंकला. मधे तिचे शतक पुरे झाले तेव्हा तिने बॅट उंचावून आनंदही केला नाही. घरचे कार्य निर्विघ्न पार पडेपर्यंत यजमानीण जशी ताटावर बसत नाही, तसेच ते. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून आपल्या मुलींनी विश्वचषक पहिल्यांदा घरी आणला.

सामना संपल्यावर ती रडतच बोलली. आपल्या प्रभू येशूचे तिने आभार मानले. शेवटी शेवटी अंगात त्राण उरले नव्हते, तेव्हा आपल्या धर्मग्रंथातले एक वचन मनाशी म्हणत आपण उभ्या राहिलो, असे तिने सांगितले. तिचा देव तिचा, आपला विठोबा आपला. पण अंगातले बळ सरल्यावर माणूस ज्याला धरून उभे राहते, ती श्रद्धा सगळीकडे सारखीच असते.

आता यातले काय कोणी केले, ते पाहू. एकेक चेंडू ओळखला, तो अडवला किंवा टोलवला, ते काम हातांनी केले. त्या हातांना लहानपणापासून वळण लागले होते. आपल्यालाही हे नवीन नाही. घरात दुःखाचा प्रसंग असला, मन थाऱ्यावर नसले, तरी भाकरी थापताना आपला हात चुकत नाही. पाच मिनिटे आधी सांगितले म्हणून जेमिमा पाच मिनिटांत तयार झाली नाही. ती पंधरा-सोळा वर्षे तयार होत होती. ज्या घरात डाळ आदल्या रात्रीच भिजत पडलेली असते, तिथे अवचित पाहुणे आले तरी गडबड उडत नाही.

श्रद्धेने काय केले? तिने चेंडू टोलवला नाही. तिने मन जागेवर ठेवले, आणि त्यामुळे हातांना आपले काम करता आले. नाही तर घाबरलेले मन हातांना काही सुचू देत नाही. उलट हातांना सवयच नसेल, तर मन कितीही शांत असून काय उपयोग? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी आळशाची थट्टा करण्यासाठीच काढली. वारकरी विठ्ठलावर भार टाकतो, पण पंढरीची वाट स्वतःच्या पायांनीच चालतो.

आणि दैव? तेही त्या दिवशी होते. ८२ धावांवर असताना तिचा उंच उडालेला झेल ऑस्ट्रेलियाच्या कर्णधारबाई अलिसा हीली यांच्या हातून सुटला. ही देवाची कृपा म्हणायची तर जरूर म्हणा. पण त्यानंतरचा प्रत्येक चेंडू तिचा तिलाच खेळावा लागला.

राहिला आत्मविश्वास. मला वाटते, तो आधी असावाच लागतो असे नाही. लोण्यासारखा तो घुसळल्यावर वर येतो, आणि येतो तोही आपल्या वेळेने. मुलगी सकाळी भ्यायलेली असेल, तरी संध्याकाळी जिंकू शकते. म्हणून ‘तुझ्यात आत्मविश्वास नाही’ असे मुलीला म्हणू नये. ‘भीती वाटते ना? वाटू दे. रोजचे आहे ते कर,’ असे म्हणावे.

मुंबई लांबची, क्रिकेटची गोष्ट पैशाची, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरची आठवण करून देते. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते तांबड्या मातीत घडलेले पैलवान. तिथे कुस्ती मॅटवर. तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर नशिबाला दोष देत न बसता चार वर्षे त्यांनी तयारी केली. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि त्यांच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्याच्या बळावर मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांनी त्यांची मिरवणूक निघाली, हे आपण सासू-सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेच आहे.

मी त्या प्राचार्यांचा पुष्कळदा विचार करते. श्रद्धा श्रद्धा म्हणतात ती हीच नव्हे का? देवापुढे नारळ फोडायला फार खर्च येत नाही. पण दुसऱ्याच्या मुलाच्या तयारीवर भरवसा ठेवून घराची कागदपत्रे काढून द्यायची, तेव्हा श्रद्धेची खरी किंमत कळते. खेळाडूची स्वतःवर श्रद्धा असावी, देवावर असावी, हे खरेच. पण त्याच्या माणसांची त्याच्यावर श्रद्धा आहे, हे त्याला दिसलेही पाहिजे.

आता आपल्या आळीकडे वळते. पाच वर्षांपूर्वी आमच्या मैदानावर बावीस मुली येत होत्या. आज सात येतात. बाकीच्यांचे हातपाय मोडले नाहीत, की खेळाची गोडीही गेली नाही. मुलगी आठवीत गेली, मोठी झाली, आता पुरे, असे म्हणून एकेकीला घरी बसवले. काहींच्या शिकवणीची वेळ आड आली, काहींना काळे पडण्याची भीती, काहींच्या घरी भाऊबंदांनी नाक मुरडले. या बावीसजणींतल्या सगळ्या काही भारताकडून खेळल्या नसत्या, हे मलाही कळते. कदाचित एकही खेळली नसती. पण हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर कसे जायचे, हे त्या शिकत होत्या. हे शिक्षण सासरी, नोकरीत, आजारपणात, सगळीकडे उपयोगी पडते. ते अर्ध्यावर तुटले.

आणि खेळात पोट भरत नाही, हेही पूर्वीसारखे आता खरे नाही. २०२२ साली क्रिकेट मंडळाने भारतीय संघातील स्त्रियांचे सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीचे केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरवले, आणि त्या संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. ज्या खेळाला आपण ‘पोरींचा पळापळीचा खेळ’ म्हणतो, त्याचा हा मान.

म्हणून मंडळापुढे माझी तीन मागणी आहेत.

पहिली अशी की, शाळेतून किंवा घरून मुलीचा खेळ बंद करण्याचा विचार निघाला, तर आपल्यापैकी दोघीजणींनी त्या घरी जाऊन तिच्या आईशी बोलावे. भांडायला नव्हे, संध्याकाळी तिला मैदानावरून घरी आणून पोचवायला आम्ही आहोत, एवढे सांगायला. निम्म्या घरांत अडचण तेवढीच असते.

दुसरी संक्रांतीच्या वाणाविषयी. दरवर्षी आपण वाट्या, डबे, चाळण्या लुटतो. आपल्या प्रत्येकीच्या फडताळात तशा कितीतरी पडून आहेत. येत्या हळदीकुंकवाला तिळगूळ व हळदकुंकू नेहमीसारखे व्हावे, पण वाणाचे पैसे एकत्र करून त्यांतून मैदानावरच्या मुलींना चांगले बूट घ्यावेत. सवाष्णींच्या हातचे वाण त्या मुलींच्या पायांत गेले तर देव काही रागावणार नाही.

तिसरीला पैसा लागत नाही. मुलगी सामन्याहून परत आली की ‘किती गुण? कोण जिंकले?’ हे आधी विचारू नका. आधी पाणी द्या, ‘जेवून घे’ म्हणा. मग ती आपणहून सांगेल. जेमिमाला रडताना ऐकणारी आई फोनच्या पलीकडे होती. तशी आपल्या मुलींना घरात असावी.

नवस बोला, जरूर बोला, मीही बोलते. पण नवस बोलून झाला की पहाटे पाचचा गजर लावा आणि मुलीबरोबर उठा.

 पुढच्या वर्धापनदिनी मैदानावर सातांच्या पुष्कळ जास्त मुली दिसोत, एवढे मागून मी आपली रजा घेते.

जय हिंद, जय महाराष्ट्र!