हसवणारी बाई : सई परांजपे



धान कापून झालं, मंडईचे दिवस आले. आपल्या झाडीपट्टीत आता रातभर नाटकं चालतील. वडसावरून कंपन्या येतील आणि आपण पोरासोरांना घेऊन, शाली गुंडाळून पहाटेपर्यंत बसू. हसवणारा प्रवेश आला की सगळा मांडव हसतो. पण ते हसणं कोणावर असतं? बरेचदा जाड बायकोवर, भांडकुदळ सासूवर, काळ्या पोरीवर. आपणही हसतो. घरी येताना मात्र काहीतरी खुपत राहतं.

म्हणून आज आम्ही स्वतः विनोद लिहिणाऱ्या एका बाईविषयी सांगणार आहोत.

सई परांजपे यांचा जन्म १९३८ चा. आई शकुंतला परांजपे शिकलेल्या, लिहिणाऱ्या. १९३७ च्या 'कुंकू' चित्रपटात त्यांनी कामही केलं होतं. संततिनियमन हा शब्द उच्चारायलाही लोक लाजत, त्या काळात शकुंतलाबाई त्याचा प्रचार करत होत्या. अशा घरात वाढलेल्या सईंचं पहिलं पुस्तक आठव्या वर्षी छापून आलं! पुढे त्यांनी नोकरी धरली ती रेडिओत. पुणे आकाशवाणीवर त्या निवेदिका होत्या, मुलांचे कार्यक्रम करत. (आम्ही माईकसमोर बसतो तेव्हा ही गोष्ट आठवून आम्हाला जरा धीर येतो.) मग दिल्लीला नाटकाचं शिक्षण, दूरदर्शनची नोकरी, नाटकं, चित्रपट. आंधळ्या मुलांच्या शाळेवरचा 'स्पर्श' त्यांनीच लिहिला आणि दिग्दर्शित केला. त्याच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण हसवण्याची खरी गंमत १९८१ च्या 'चश्मे बद्दूर'मध्ये आहे. दीप्ती नवल त्यात दारोदारी जाऊन कपडे धुण्याची पावडर विकते. पावडरीचं नाव चमको. गाणं शिकते आणि असं फिरून कमावते. एका खोलीत तीन पोरं राहतात. त्यातले दोघं तिच्यावर लाईन मारायला जातात आणि तोंडघशी पडून परत येतात. खोलीवर येऊन मात्र दोघंही थापा मारतात, की पोरगी आपल्यावर फिदा झाली! त्या फुशारक्यांवर आपण पोट धरून हसतो. पुढे त्याच थापांमुळे तिसऱ्या, साध्या पोराचं आणि तिचं बिनसतं, तेव्हा कळतं की पोरीच्या नावावर सोडलेली थाप किती महागात पडते. हसं झालं ते फुशारक्या मारणाऱ्यांचं, पावडर विकणाऱ्या पोरीचं नाही. आमच्या मते सईताईंची खरी करामत हीच. आपल्या गटातल्या ज्या बाया पापड, मसाले घेऊन घरोघरी फिरतात, त्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा.

'कथा' हा चाळीतला, सशा-कासवाच्या गोष्टीसारखा. 'दिशा' वेगळा आहे. गावातले गडी मुंबईच्या गिरणीत जातात आणि शबाना आझमी गावातच विडी कारखान्यात कामाला लागते. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या किती घरांत विड्या वळून पोरं शिकली, ते तुम्हाला वेगळं काय सांगायचं?

२००६ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 'सय' या पुस्तकात त्यांनी आपला प्रवास स्वतः लिहिला आहे.

आता आमचं. यंदा गटाच्या कार्यक्रमात आम्हीच लिहिलेली नाटिका आहे. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाई भरते, आणि बँकेतला साहेब मात्र सगळं नवऱ्याला विचारतो. नवऱ्याला काहीच माहीत नाही, तो मागे वळून बायकोला विचारतो! एक आजी म्हणाल्या, बायांनी चारचौघांत असं हसवणं बरं दिसत नाही. तालमीला मात्र रोज त्याच आधी येऊन बसतात. साहेबाच्या कामाला अजून कोणी तयार नाही. दिघोरीतली जी ताई मिशी लावायला लाजणार नाही, तिने संध्याकाळी भाकरी आटोपून समाजमंदिरात यावं. मिशी आमच्याकडे आहे.