बुजवलेली विहीर



हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी एका विहिरीची हकिकत सांगते. १९८७ साली आफ्रिकेतील माली देशात, बुराकेबुगू या गावी पाण्यासाठी विंधनविहीर खोदण्यात आली. पाणी लागले नाही. आतून वारा मात्र येऊ लागला. सिगारेट ओढणारा एक कामगार तिच्यावर वाकला आणि भडका उडाला. विहीर बुजवली गेली. सुमारे पंचवीस वर्षांनी ती उघडली, तेव्हा कळले की तो वारा म्हणजे जवळजवळ ९८ टक्के हायड्रोजन! त्यावर जनित्र चालले आणि गावात दिवे लागले.

भूगर्भात लोहयुक्त खडकांशी पाण्याचा संयोग झाला, की लोह ऑक्सिजन धरून ठेवते आणि हायड्रोजन मोकळा होतो. तो जळताना धूर होत नाही, पाण्याची वाफ होते. म्हणूनच आज अनेक देशांत त्याचा शोध सुरू आहे. मात्र हा अतिशय हलका वायू फटींतून सहज निसटतो. पुरेसा साठा उरला आहे का, हे खोदूनच ठरवावे लागते.

परप्रांतातील आपल्या या मराठी शाळेचा पट रोडावला आहे. ‘आता तिथे काही उरले नाही,’ असे आपलेच लोक म्हणतात. येथे विपुल साठा आहे, असा दावा मी करणार नाही. विनंती एवढीच, की पाहिल्यावाचून विहीर बुजवू नये. येत्या सत्रात एक दिवस वर्गात येऊन बसा, मुलांचे बोलणे ऐका आणि मगच आपल्या पाल्याचा निर्णय घ्या.